तांडेलाची काठी आणि पाणक्याचा दगड

त्या दिवशी वाऱ्याचं काही खरं नव्हतं. सकाळी तो डोंगरावरून खाली आला, घटकाभराने दर्याकडून वर चढला, आणि दुपारपर्यंत माडांच्या झावळ्यांना कुणीकडे वळावं तेच कळेना. ऊन पडे, लगेच झाकोळून येई. कोंबड्या अवेळी खुराड्यात शिरत आणि पुन्हा बाहेर येत. गोष्ट फार फार जुनी आहे, आजोबांच्या आजोबांनी ऐकलेली. पण तो दिवस असा होता, एवढं प्रत्येक सांगणाऱ्याने सांगितलेलं आहे.

अशा त्या दिवशी किनाऱ्यावरच्या एका गावात धर्मा तांडेल अंगणात उभा होता. हातात कोयता होता आणि पायाशी एक लांब, सडपातळ काठी. तो काठी उचली, हातात तोलून बघी, मान हलवी, खाली बसून आणखी थोडी तासून काढी. पुन्हा उठे, पुन्हा उचली. सकाळपासून हेच चाललं होतं.

होडीचं सुकाणू ज्याच्या हाती असतं, तो तांडेल. धर्माने चाळीस वर्षं सुकाणू धरलं. मग त्याचा उजवा खांदा उतरला. वैदूने चोळून पाहिलं, लेप घालून पाहिले, आणि शेवटी सांगितलं की आता वल्हं नाही आणि सुकाणूही नाही. धर्माने होडी जावयाच्या हवाली केली, जाळी पुतण्यांना वाटली, आणि हात झाडून घरी आला. लोक म्हणाले, बरं झालं, ओझं उतरलं. त्यालाही पहिले दोन दिवस तसंच वाटलं. तिसऱ्या दिवसापासून त्याला एका जागी बसवेना.

त्या गावची एक रीत होती. होडीवरून उतरलेल्या माणसाला गावकी किनाऱ्यावरचा एक खडक देई. खडक पुनवेला मिळायचा. अवसेपर्यंत त्याने त्या खडकावर बसून, आपल्या काठीने, एक तरी मासा गरीला, म्हणजे गळाला, लावून वर काढायचा. तो पहिला मासा आपल्या चुलीवर चढवायचा नाही, शेजाऱ्याच्या दारी न्यायचा. शेजाऱ्याने तो हातात घेऊन ‘खडक तुझा’ म्हटलं, की खडक मरेपर्यंत त्याचा. अवस कोरडी गेली, तर खडक दुसऱ्याला जाई, आणि हा माणूस जाळी शिवणाऱ्यांच्या मांडवात जाऊन बसे.

मांडव वाईट नव्हता. सावली होती, गप्पा होत्या, दुपारी कुणीतरी पेज आणून देई. पण वारा लागू नये म्हणून त्या मांडवाची पाठ दर्याकडे केलेली होती. चाळीस वर्षं ज्याने दर्याच्या डोळ्याला डोळा दिला, त्याने आता दर्याकडे पाठ करून बसायचं, हे धर्माला पटत नसे.

आणि अवसेला तीनच दिवस उरले होते.

तसं बघितलं तर काठ्या त्याने कमी केल्या नव्हत्या. पहिली केली परसातल्या बांबूची. चांगली जाड, लांब, म्हाताऱ्या बैलासारखी भरवशाची. खडकापुढे लाटा फुटतात, त्यांच्या पलीकडे गरी पडायची तर काठी लांब हवीच. पण ती लांब काठी दोन्ही हातांनी बुडाशी धरली, की शेंडा खाली ओढी. दुपार व्हायच्या आत त्याचा खांदा पेटला. त्याने ती घरी आणून परसात दोन खुंटांवर आडवी टाकली, आणि त्याच्या बायकोने, येसूने, तिच्यावर लुगडी वाळत घातली.

मग त्याने आखूड काठी केली. ती हाताला हलकी होती, पण गरी लाटांच्या फेसातच पडे आणि खडकात अडके. मग बोरूसारखी बारीक केली, मग पोकळ. एक काठी तर त्याने चुलीवर टांगून इतकी वाळवली की तिला उभी चीर गेली. येसू सगळं बघत होती. ती म्हणाली, “अहो, तुमच्या काठ्यांचं कुंपण पुरं झालं. गुरं आत येत नाहीत, तेवढा तरी फायदा.”

शेवटी तो डोंगरावरच्या बुरडाकडे गेला. बुरूड म्हणजे बांबू कामाचा माणूस. सुपं, टोपल्या विणता विणता त्याचे केस पांढरे झाले होते. धर्माने त्याच्या दारातल्या सगळ्या काठ्या एकेक करून उचलल्या, हवेत हलवल्या, नाक मुरडलं. बुरडाने विणकाम थांबवलं नाही. तो एवढंच म्हणाला, “तांडेल, गिऱ्हाईक काठी उचलून बघतं ते इथे, माझ्या दारात. पण दारात मासा नसतो.”

धर्माला ते ऐकू आलं, पण मनात उतरलं नाही. त्याने त्यातली सगळ्यात हलकी, पण आतून भरीव काठी निवडली आणि घरी आणली. हीच ती, जी तो त्या वाऱ्याच्या दिवशी अंगणात आणखी तासत होता.

तासून तासून काठी अशी झाली, की हातात आहे की नाही ते कळू नये. धर्मा खूश झाला. तसाच उठला, गरीला कोळंबी लावली आणि खडकावर गेला.

खडकावर गेला, पण बसला नाही. गरी टाकली, वर काढली. कोळंबी तशीच होती. पुन्हा टाकली. वारा फिरला तसा तो खडकाच्या दुसऱ्या टोकाला गेला. हलकी काठी उचलायला कष्ट नव्हते, म्हणून तो ती सारखी उचली. पाण्यातल्या माशाने तोंड उघडावं, तोवर घास वर निघून गेलेला असे.

कलत्या उन्हाला मात्र एक तांबोशी मासळी भुकेने आंधळी झाली असावी. तिने गरी गिळली आणि खडकाखालच्या कपारीकडे धाव घेतली. धर्माने काठी ताणली. काठी वाकली, आणखी वाकली, आणि जिथे कोयता सगळ्यात जास्त चालला होता तिथे कट्‌कन मोडली. शेंडा, दोरी, गरी आणि मासा, चारही एकदम गेले. धर्माच्या हातात वीतभर तुकडा उरला. तो आता फारच हलका होता.

तो घरी गेला नाही. येसूला काय सांगायचं? तो गोड्या पाण्याच्या झऱ्याच्या वाटेवर, उतारावरच्या एका धोंड्यावर जाऊन बसला. तिथून उठला, दुसऱ्यावर बसला.

तेवढ्यात वरून भिवा पाणक्या आला. भिवाचं घर धर्माच्या घराला लागून. दोघं एकाच वयाचे, लहानपणी एकाच करवंदीच्या जाळीत हात ओरबाडून घेतलेले. गावात पाणी खारं, म्हणून भिवा झऱ्याचं पाणी कावडीने घरोघर पोचवी. खांद्यावर आडवी दांडी, तिच्या दोन टोकांना दोरीच्या शिंकाळ्यांत दोन घागरी. पण त्या दिवशी एकाच टोकाला घागर होती. दुसरी वर झऱ्यापाशी फुटली होती. आणि त्या रिकाम्या शिंकाळ्यात भिवाने भरल्या घागरीच्या वजनाचा दगड ठेवला होता.

धर्माचं मन आधीच जळत होतं. जळत्या माणसाला दुसऱ्याला चटका द्यावासा वाटतो. तो म्हणाला, “काय भिवा, गावात आता दगडही विकतोस वाटतं?”

भिवा थांबला नाही. चालता चालता म्हणाला, “तुला हवा असेल तर देतो की.”

“अरे, पण म्हातारपणी कशाला ते ओझं? टाकून दे. निम्मं वजन कमी होईल.”

आता मात्र भिवा थांबला. त्याने दगड काढून खाली ठेवला. घागरीच्या बाजूने दांडी सर्रकन कलली, घागर त्याच्या गुडघ्यावर आपटली, पसाभर पाणी सांडलं. त्याने दोन्ही हातांनी दांडी दाबून धरली आणि तसाच दहा पावलं चालून दाखवलं. दहा पावलांत त्याचा श्वास चढला. मग तो परत आला, दगड शिंकाळ्यात ठेवला, आणि दांडी त्याच्या खांद्यावर पुन्हा शांत झाली.  मग एक हात मोकळा सोडून, गुणगुणत तो उतार उतरून गेला.

धर्मा बघत राहिला. वारा अजून फिरतच होता. तो किती वेळ बसला ते त्यालाही कळलं नाही. पण उठला तेव्हा त्याची चाल वेगळी होती.

घरी येऊन तो सरळ परसात गेला. पहिली काठी, ती जाड, लांब, लुगडी वाळत घालायची, त्याने तिच्यावरची लुगडी काढून उचलली. येसू दारातून म्हणाली की ओली लुगडी आता तुमच्याच डोक्यावर वाळत घालीन. त्याने ऐकलं नाही. काठी त्याने बोटावर आडवी ठेवली. ती शेंड्याकडे कलली. मग त्याने ओढ्यातला एक गोल दगड आणला, सुंभाने बुडाशी घट्ट बांधला, आणि पुन्हा ठेवली. आता कलणं कमी झालं. थोडा मोठा दगड आणला. हात बुडापासून दीड हात पुढे घेतला. काठी बोटावर तराजूच्या दांडीसारखी थांबली.

येसू जवळ आली. काठी तिने हातात घेतली आणि चकित होऊन म्हणाली, “अगं बाई. दगड बांधला आणि हलकी कशी झाली?”

धर्माला हसू आलं. बऱ्याच दिवसांत त्याच्या घरात कुणी हसलं नव्हतं. रात्रीच्या जेवणाआधी येसूने मांडीवर सणाचे धागे वळून त्याला नवी दोरी करून दिली.

दुसऱ्या दिवशी त्याला मासा मिळाला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पण खांदा पेटला नाही, आणि आणखी एक गोष्ट झाली. काठीला आता स्वतःची बैठक होती, त्यामुळे ती उगाच उचलून बघावी असं त्याला वाटेना. काठी थांबली, तसा तोही थांबला. लाट कुठे फुटते, कुठल्या कपारीपाशी पाणी काळं होतं, हे त्याला दिसू लागलं. ते तिथे पहिल्यापासून होतं.

अवसेची सकाळ उजाडली. मोठी भरती होती. गावकीचा एक माणूस किनाऱ्याने फेरी मारून गेला आणि मांडवाकडे वळला.  पूर्वीचा धर्मा असता तर त्याने तिथल्या तिथे चार जागा बदलल्या असत्या. त्याने हात दगडाच्या बाजूला बोटभर सरकवला आणि बसून राहिला.

भरती उतरायला लागली तेव्हा दोरी एकदा हलली. तो थांबला. दुसऱ्यांदा हलली. तो थांबला. तिसऱ्यांदा ती कपारीकडे धावली, आणि धर्माने काठीचं बूड खाली दाबलं. दगडाने आपलं काम केलं. शेंडा वर आला, काठी वाकली आणि वाकूनच राहिली, मोडली नाही. दमलेली तांबोशी खडकावर येऊन पडली. तिच्या जबड्यात आधीची गरीही अडकलेली होती.

धर्मा मासा घेऊन आपल्या दारावरून गेला, आत वळला नाही. भिवा ओट्यावर बसून नव्या घागरीला शिंकाळं विणत होता. धर्माने मासा त्याच्यापुढे धरला, आणि त्या दिवशी वाटेवर जे बोललो ते मनात ठेवू नकोस, म्हणाला.

भिवाने हात पुसले, मासा दोन्ही हातांनी घेतला, आणि धर्माने कुंपणाशी उभ्या केलेल्या काठीकडे, तिच्या बुडाशी बांधलेल्या दगडाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, “खडक तुझा, धर्मा. आणि हे नातवंडांनाही सांग: हलकं व्हायचं असेल तर ओझं टाकत सुटू नये, ते बरोबर जागी बांधावं.”