करपलेल्या लसणाची आमटी

फार पूर्वी एक मुलगी दूर देशी चव पारखायची विद्या शिकून आपल्या गावी परतली. वाटभर तिला वाटत होतं, वेशीतच आईच्या आमटीचा वास येईल. पण घराला कुलूप होतं. आई जाऊन सहा महिने झाले होते. निरोप काही तिच्यापर्यंत पोहोचला नव्हता.

गावाच्या घाटावर एक शिळा होती. कुठल्या खानावळीचं जेवण कसं, ते गावचा पारखी तिच्यावर खडूने लिही आणि नावेतून उतरणारे वाटसरू ते वाचून जेवायला जात. जुना पारखी थकला होता. पाटील मुलीला म्हणाले, "आता तू लिही. पण आवडनिवड मध्ये आणू नकोस हं."

"पाटीलकाका, पारख्याच्या जिभेला ना आई, ना गाव! आवडनिवड मी वेशीबाहेर ठेवून आलेय."

"बघ बाई, मांजरासारखी मागोमाग यायची!"

घाटावर खानावळी दोनच. म्हातारबांची आमटी तिने चाखली. आंबट, गोड, तिखट, सगळं जिथल्या तिथं. मग पलीकडच्या काकूंची चाखली. काकूंच्या फोडणीत लसूण करपला होता. तिची आई गप्पांच्या नादात करपवायची, अगदी तस्साच. मुलीने वाटी पुसून खाल्ली आणि पुन्हा पुढे केली.

शिळेवर तिने लिहिलं: 'काकूंची आमटी उत्तम. म्हातारबांची बेताची.'

आठ दिवस म्हातारबांकडे कुणी फिरकलं नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी म्हातारबा स्वतःच आमटीचं पातेलं घेऊन तिच्या दारी आले.

"पोरी, चाळीस वर्षं हीच करतोय. चुकलं काय ते सांग, सुधारीन. मीठ?"

"नाही, बाबा."

"चिंच?"

"नाही."

"मग काय गं?"

तिने पुन्हा चाखली. कुठेच काही चुकलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"बाबा, यात फक्त माझी आई नाही."

म्हातारबांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग हळूच म्हणाले, "ती मी कुठून घालू, बाळे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिली नाव लागायच्या आत, मुलीने शिळा ओल्या फडक्याने पुसली आणि लिहिलं: 'म्हातारबांची आमटी उत्तम. काकूंच्या आमटीत लसूण करपतो. माझी आई तशीच करायची, म्हणून मी जेवते मात्र तिथेच.'

तात्पर्य: लपवलेली आवड निवाडा करायला बसते; उघड सांगितली तर ती गुमान शेजारी बसून जेवते.