टिपणीस साहेबांचे दहा पंप

मिरजेजवळच्या एका कारखान्यात पाठीवरचे फवारणी पंप बनत. त्या वर्षी दहांतले तीन पंप नळीच्या जोडापाशी गळू लागले, तेव्हा मालक मगदूम यांनी मुंबईहून टिपणीस साहेबांना बोलावलं. पंपाची रचना त्यांचीच होती.

साहेबांनी दोन दिवस पाहणी करून सगळ्यांसमोर निकाल दिला. "माझ्या रचनेत खोट नाही. या बायकांची जोडायची पद्धत चुकते. बाराही जणींना काढा."

त्या बारा जणींत इंदुमती खराडे होती. अठरा वर्षं ती तिथं पंप जोडत होती. ती हात पुसत पुढं आली.

"साहेब, जाण्याआधी बरोबर पद्धत तरी बघू द्या. दहा पंप तुम्ही जोडून दाखवा. हवा तेवढा वेळ घ्या."

साहेब खूश झाले. बाह्या सरसावून, सकाळभर खपून त्यांनी दहा पंप जोडले. इंदुमतीनं मालकांदेखत एकेकात पाणी भरून दांडा मारला. तीन पंप गळले.

"जोडताना काही चुकलं का, साहेब?" तिनं अदबीनं विचारलं.

"माझा हात चुकत नसतो!" साहेब कडाडले.

"मग रचना चुकली असेल. तीही चुकली नसेल, तर मालकांना बाराऐवजी तेरा जणांना काढावं लागेल."

मगदूमांना हसू आवरेना. "टिपणीस, नवा जोड आखायला घ्या. बाया कुठं जात नाहीत."

इंदुमती स्टुलावर मटकन बसली. साहेब आल्यापासून पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता आला.