तांब्याभर पाणी आणि सातवं पाताळ

"इथे मौन मिळेल का?"

उंबरधारच्या मठात लोकांनी आजवर बरंच काही मागितलं होतं. मुलगा, नोकरी, शेजाऱ्याच्या बोअरला पाणी न लागो असा आशीर्वाद. मौन मागायला कुणी आलं नव्हतं.

चिंतोबुवा ओसरीवर तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली. समोर पाठीवर सॅक अडकवलेला, कानात कापसाचे बोळे घातलेला एक तरुण उभा होता.

"मिळेल की," बुवा म्हणाले. "पण मौन कुणी धरायचं? तू की आम्ही?"

तरुणाने एका कानातला बोळा काढला.

"तुम्ही."

"आणि तू?"

"मी बोललो तर चालेल. मला फक्त ऐकायचं नाहीये."

"बस," बुवा म्हणाले. "मोठमोठ्या महाराजांचा हाच पंथ आहे."

तरुणाचं नाव ईशान बोंद्रे. कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. वैराग्य येण्याइतके पेपर अजून राहिले नव्हते, तेव्हा कारण दुसरं असणार हे बुवांनी ओळखलं. विचारायची मात्र गरज पडली नाही. ईशानला सांगायची भारी हौस होती.

'सप्तपाताळ' नावाची कादंबरीमालिका. पुराणातली पाताळं सात, म्हणून भागही सात, एकेक भाग उशाला घेता येईल एवढा. नायक नीलांग, बाप नाग आणि आई कुंभारीण. त्याचा गुरू ताम्ररोम, म्हणजे एका डोळ्याने अधू असलेलं म्हातारं अस्वल. ते विद्या शिकवायचं, आणि शिष्य चुकला की थोबाडीत मारायचं. सहाव्या भागाच्या शेवटी सातव्या पाताळाचा दरवाजा कोसळायला लागतो, अस्वल तो पाठीवर तोलून धरतं, नीलांग खालून निसटतो... आणि पुस्तक संपतं.

"मग?" बुवांच्या हातातले तांदूळ हातातच राहिले.

"मग दोन वर्षं थांबायचं."

आता सातवा भाग बाजारात आला होता. ईशानने हौसेने लेखकाच्या सहीची प्रत मागवली होती. लेखक सह्या करत बसला होता, आणि बिनसहीवाले केव्हाच वाचून मोकळे झाले होते. होस्टेलभर ज्याच्या त्याच्या तोंडात शेवट. मेसच्या रांगेत कुणीतरी "अस्वल" एवढंच म्हणालं, आणि ईशान भरलं ताट तिथेच ठेवून पळाला. सख्ख्या बहिणीला त्याने ब्लॉक केलं. शेवटी जिथे रेंज नाही असं ठिकाण मोबाइलवर शोधलं आणि पार्सलवर मठाचा पत्ता घातला.

"म्हणजे जगापासून पळून आलास."

"जगापासून नाही हो. शेवटापासून."

बुवांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग तांदळाचं सूप त्याच्याकडे सरकवलं.

"खडे निवड. आणि पहिल्या पाताळापासून सांग."

त्याच संध्याकाळी गावाला ताकीद गेली: पोरासमोर अस्वलाचं नाव काढायचं नाही. गावाने अस्वल पाहिलं होतं ते दरवेशाबरोबर, तेही फार पूर्वी. ताकीद पाळणं कुणाला जड गेलं नाही.

*

मठात श्रावणभर संध्याकाळी पुराण चाले. लाल कापडात बांधलेली सुट्या पानांची पोथी, चिंतोबुवांचा संथ आवाज, समोर पन्नाशीच्या पुढचं गाव. ईशान खांबाला टेकून बसे. अधूनमधून जांभई देई, पण हात तोंडावर धरून. संस्कार चांगले होते.

"बुवा, राग मानू नका," एकदा तो म्हणाला, "पण तुमच्या कथेत सस्पेन्सच नाही. कोण जिंकतो, कोण मरतो, सगळ्यांना पाठ. फोडायला शेवटच शिल्लक नाही."

"हो, ती एक अडचण आहे."

"मग लोक येतात कशाला?"

"मलाही कळत नाही," बुवा म्हणाले. "चहासुद्धा देत नाही आपण... बरं, ते चौथ्या पाताळातल्या आंधळ्या नागिणीचं काय झालं?"

ईशानच्या डोळ्यांत दिवे लागले. नागिणीचं काय झालं हे त्याने उठून, हातवारे करून, फणा काढून सांगितलं. अस्वलाच्या चालीने ओसरीभर चालून दाखवलं. पोथी ऐकायला लवकर आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत राहिल्या, पण जागच्या उठल्या नाहीत.

"सांगतोस बरं," बुवा म्हणाले.

"मला सगळं येतं," ईशान म्हणाला. हे त्याने बढाई म्हणून सांगितलं नाही. गुडघ्याला वाटी असते हे सांगावं, तसं सांगितलं.

*

पार्सल आलं तेव्हा ईशान ओढ्यावर कपडे धूत होता.

ओले कपडे खांद्यावर टाकून तो परतला, तर बुवा उंबराखाली चष्मा लावून बसलेले. मांडीवर जाडजूड, कोरं करकरीत पुस्तक. मुखपृष्ठावर कोसळता दरवाजा. बाजूला फाडलेला खाकी कागद.

ईशानचे कपडे मातीत पडले.

"बुवा... उघडलंत?"

"मठाचा पत्ता होता."

"वाचलंत?"

"छे. शेवटची पानं तेवढी."

"शेवटची...!" पुढे काही वेळ ईशानचं फक्त तोंड हलत राहिलं. "शेवटची पानं आधी कोण वाचतं?"

"मी. शेवट एकदा उरकला की बरं असतं, मग सावकाश वाचता येतं."

"काही बोलू नका! एक शब्द नको!"

"बोललो का काही?"

बोलले नव्हते. पण ईशान त्यांचा चेहरा पाहत होता. आधी चोरून, मग उघड उघड.

"तुमचे डोळे लाल आहेत."

"चुलीचा धूर."

"चूल पेटलेली नाहीये, बुवा."

बुवांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. खरंच पेटलेली नव्हती.

उंबरावरून एक फळ टपकन खाली पडलं. दोघांनीही तिकडेच बघायचं ठरवलं.

"फोडलात," ईशान म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "अख्ख्या होस्टेलला जमलं नाही ते तुम्ही केलंत."

"तोंडसुद्धा उघडलं नाही रे मी."

"तेच तर!"

त्याने पुस्तक उचललं. पहिलं पान उघडायला अंगठा लावला आणि तसाच थांबला. या पानासाठी तो दोन वर्षं थांबला होता, घरदार ब्लॉक करून इथवर आला होता. त्याने अंगठा काढून घेतला.

"आता वाचून काय उपयोग? कळलंच ना. दरवाजा पडणार, तो खाली सापडणार. साडेपाचशे पानं कशाला घासायची?"

"खरं आहे."

"मी जातो."

"जा. गाडी पुराण सुटल्यावर आहे."

पुस्तक त्याने सॅकमध्ये तळाशी कोंबलं, त्यावर ओले कपडे. सहीच्या प्रतीची एवढी हेळसांड लेखकाने पाहिली असती, तर पुढच्या सह्या तरी वाचल्या असत्या.

*

त्या संध्याकाळी सभामंडपात नेहमीपेक्षा गर्दी होती, आणि ज्याच्या त्याच्या हातात पाण्याचं भांडं होतं. तांब्या, लोटी, स्टीलचा पेला. ईशान सॅक पाठीला लावूनच खांबाशी बसला. शेजारी हौसाक्का येऊन टेकली. मठ झाडायचं काम ती करी, आणि ईशानची अस्वलाची चाल तिला फार आवडे. तिने घासून लखलखीत केलेला तांब्या पुढ्यात ठेवला.

"अक्का, हे पाणी कशाला?"

"आज म्हातारबाबा पडायचा."

म्हातारबाबा म्हणजे पोथीतलं गिधाड. पळवून नेल्या जाणाऱ्या बाईची हाक ऐकून एकटा राक्षसाला आडवा गेला, तो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. मराठी वाचकाला ते सांगावं लागेल, अशी वेळ अजून आलेली नाही. उंबरधारमध्येही त्या दिवशी त्याचं नाव घेत नसत. घरातल्या थोरल्याचं घेत नाहीत, तसं. तो पडला की पोथी थांबवायची आणि पोथीपुढे पाणी ठेवायचं, अशी तिथली चाल होती.

"पण अक्का, तो मरतोच ना? दर वर्षी?"

"मरतोय की. दर साली मरतोय."

"मग पाणी?"

हौसाक्काने त्याच्याकडे पाहिलं, ते शहरातल्या शिक्षणाबद्दल वाईट वाटल्यासारखं.

"दर साली मरतोय म्हनून काय त्येला तहान लागत न्हाई व्हय?"

गाडीला अजून वेळ होता.

बुवांनी वाचायला घेतलं. राक्षसाचं विमान उडालं. झाडावरचा म्हातारा जागा झाला. हाक ऐकली. पंख झाडले. वय झालेलं, कुणी बोलावलेलं नाही, तरी झेपावला. चोचीने धनुष्य मोडलं, सारथी पाडला. गाव मुठी आवळून ऐकत होतं. मागच्या वर्षी हरलेला मल्ल यंदा मारील, असं वाटावं तसं.

बुवा थांबले. चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला नाही.

"ईशान, इकडे ये."

"मी?"

"पुढचं पान तू वाच. माझे डोळे आज ठीक नाहीत. चुलीचा धूर."

ईशान उठला. वाचायला तो कुणाच्या बापाला घाबरत नव्हता. सॅक खाली ठेवून तो पोथीपुढे बसला, पान हातात घेतलं. पहिल्या ओळी अडखळल्या, मग सूर लागला. आवाज मोकळा होता. म्हातारबाबा थकत चालला होता. झेपा आखूड होत होत्या. राक्षसाने म्यानाला हात घातला.

पुढची ओळ ईशानच्या डोळ्यांसमोर होती. छापलेली, ठसठशीत.

त्याला शेवट ठाऊक होता. लहानपणापासून ठाऊक होता. बालवाडीत या पक्ष्याचं चित्र रंगवून त्याने बक्षीस मिळवलं होतं.



तोंडातून आवाज फुटेना.

सभामंडपात कुणी खोकलंसुद्धा नाही. ईशानने बुवांकडे पाहिलं. बुवा छताकडे पाहत होते.

त्याने घसा साफ केला. पुन्हा ओळीवर बोट ठेवलं.

"नाही वाचवत," तो हळूच म्हणाला.

मागून हौसाक्काचा आवाज आला. त्यात राग नव्हता, घाई होती.

"वाच रं लेकरा. वर लटकलाय त्यो. त्येला तसा नगं ठेवू. मी पानी घिऊन बसलेय न्हवं?"

ईशानने वाचलं.

पंख तुटले. म्हातारबाबा खाली आला. पान संपलं.

गाव उठलं आणि एकेक भांडं पोथीपुढे येऊन टेकलं. आवाज होता तो तेवढाच, भांड्यांचा. हौसाक्काला वाकून तांब्या ठेवायला कष्ट पडत होते. तो ईशानने तिच्या हातातून घेतला आणि ठेवला. ठेवल्यावर लगेच हात काढला नाही.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. कंडक्टर मठाकडे बघून दोनदा ओरडला. मग गाडी गेली.

*

सकाळी उंबराखाली ईशान बसला होता. मांडीवर सातवा भाग. ओल्या कपड्यांनी मुखपृष्ठाचा दरवाजा फुगला होता आणि लेखकाची सही पसरून नुसती शाई झाली होती.

त्याने पहिलं पान उघडलं. वाचायला लागला.

पावलांचा आवाज आला. चिंतोबुवा आले, वाकले, आणि पाण्याने भरलेला तांब्या त्याच्या पुस्तकाशेजारी ठेवला. काठोकाठ. एक थेंब सांडला नाही.

ईशानने पानात बोट घालून वर पाहिलं.

"बुवा... हे कुणासाठी? म्हणजे ताम्ररोम..."

पुढचं त्याने विचारलं नाही. विचारायला निघालेलं तोंड मात्र उघडंच राहिलं.

बुवा ओसरीकडे निघाले होते. वळून म्हणाले,

"मी नुसता शेवट वाचलाय, बाळ. मला काय माहीत?"