फिलूची घट्ट मूठ

बसा रे पोरांनो, आणि मध्येच चुळबुळ करायची नाही. ही गोष्ट सांगताना मला अजून राग येतो, त्यात तुमची भर नको.

समुद्राकाठी एक हिरवंगार गाव होतं. पोपटी पानवेली, डोलणाऱ्या केळी, मोगऱ्याच्या पांढऱ्याशुभ्र वाड्या, आणि मधोमध पिवळ्या भिंतींचं टुमदार चर्च. गावाच्या टोकाला टेकाडावर एक चिमुकलं कौलारू घर होतं. तिथे फिलू राहायची. किडकिडीत पोर, दोन तांबूस वेण्या, पायांत चप्पल नाही. आई दुसऱ्यांच्या वाडीतला मोगरा खुडायची, गजरे ओवायची आणि त्यावर दोघींचं कसंबसं भागायचं. तरी वाटेत एखादं उपाशी पिल्लू कुंई कुंई करत आलं, की फिलूची अर्धी भाकरी त्याच्याच पोटात जायची.

फिलूचा बाबा मागच्या पावसाळ्यात गेला. एका सकाळी खाडीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा बाबाने होडी घालून घराघरांतली माणसं टेकाडावर आणली. म्हातारे बस्त्याव आजोबाही आले होते, सुखरूप बसले होते. पण कुणाला न सांगता ते परत खाली गेले. कशासाठी? तर बकरीसाठी! बाबा त्यांना शोधायला गेला. आजोबा वाचले. बकरीसुद्धा वाचली. बाबा मात्र आला नाही.

आता तुम्हीच सांगा, या पोरीला राग येणार नाही तर काय होईल? आणि गावातली माणसं तरी काय एकेक! समाचाराला यायची, फुर्र फुर्र चहा प्यायची, फिलूच्या गालाला हात लावून म्हणायची, "रडू नको हं बाय, देवाची इच्छा!" आणि दारातून बाहेर पडता पडता आईला विचारायची, "उद्याचे गजरे वेळेवर मिळतील ना?" अस्सा संताप येतो मला. देवाच्या नावावर काहीही खपवतात मेली!

फिलूपाशी बाबाची एकच वस्तू उरली होती, माडाच्या पातीचा इवलासा क्रूस. त्या गावात ईस्टरच्या आधी, झावळ्यांच्या रविवारी, घरोघरी असे क्रूस विणतात. फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि वर्षभर ते घरातल्या तसबिरीमागे खोचून ठेवतात. पुढच्या वर्षी उपवासकाळ आला, की ते सुकलेले क्रूस चर्चमध्ये परत द्यायचे. ते जाळून राख करायची आणि राखेच्या बुधवारी तीच राख सगळ्यांच्या कपाळाला लावायची. पण या वर्षी घरोघरचे क्रूस पुराच्या पाण्याने नेले होते. टेकाडावरच्या घरातला, बाबाने फिलूसाठी विणलेला, तेवढा एक शिल्लक होता.

मग काय, शेजारची मोनीबाय पदर खोचून हजर झाली.

"फिलू, दे पाहू तो क्रूस. राख आपल्या गावच्या घरातलीच हवी. आजवर कधी बाहेरून आणली नाही आपण."

"नाही देणार," फिलू म्हणाली.

"देवाला नाही म्हणतेस?"

"देवाने माझा बाबा नेला! आता हेही हवंय त्याला? नाही देणार, नाही देणार, नाही देणार!"

"अगं बाई, काय ही जीभ!" मोनीबायने कपाळावर हात मारला.

फादर भला माणूस. त्यांनी सगळ्यांना बजावलं, "पोरीला कुणी एक शब्द बोलायचा नाही. राख मी शेजारच्या गावातून आणेन." पण माणसांची तोंडं का कधी बंद होतात? फिलू विहिरीवर गेली की कुजबुज, दुकानात गेली की कुजबुज. शेवटी एका पहाटे ती क्रूस मुठीत घेऊन सुसाट पळत सुटली ती मोगऱ्याच्या वाडीत जाऊन पडली.

नुकतं उजाडलं होतं. पानापानावर दवाचे टपोरे थेंब चमचम करत होते, गुलाबी, निळे, सोनेरी. त्यातल्याच एका थेंबातून टुपकन एक परी बाहेर आली. करंगळीएवढी! मोत्याच्या रंगाचे पंख, कळ्यांचा घेरदार झगा, केसांत चांदण्यांची भुकटी.

"तू देवदूत आहेस?" फिलूने डोळे पुसत विचारलं.

"छे गं! देवदूतांना केवढी मोठाली कामं असतात. मी त्याच्या बागेतली धाकटी, मोगऱ्याची परी. तुझी एक इच्छा पुरी करायला आलेय. पण दोन अटी आहेत हं. पहिली अट, जे मनात असेल तेच मागायचं. आणि दुसरी, घेताना मूठ उघडी पाहिजे."

फिलूला शहाण्यासारखं बोलायची सवय लावलेली होती. ती हात जोडून म्हणाली, "देवाची जी इच्छा असेल ते होऊ दे."

"आऽऽक्छीं!" परीला अशी शिंक आली, की तिच्या केसांतल्या चांदण्या खाली सांडल्या. "खोटं बोललीस! हे मोनीबायचं वाक्य आहे. तुझं सांग."

झालं. फिलूच्या पोटात इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर आलं. ती उभी राहिली आणि आभाळाकडे तोंड करून ओरडली, "मला माझा बाबा हवा! तू का नेलास त्याला? तो चांगला होता! तुला दुसरं कुणी सापडलं नाही? मला तुझा राग येतो, खूप खूप राग येतो!"

आता वीज पडणार, असं तिला वाटलं. पण वाडीतल्या सगळ्या कळ्या एकदम उमलल्या आणि वास दरवळला.

"देव रागावला का गं?" फिलूने हळूच विचारलं.

"का रागावेल? तू त्याच्याशी खरं बोललीस. क्रूसावर त्याच्या लेकानेही मोठ्याने 'का' म्हणून विचारलं होतं." परी तिच्या अंगठ्यावर येऊन बसली. "फिलुटले, गेलेल्या माणसाला परत आणायचं बळ माझ्यात नाही. पण तुझ्या बाबाचा एक तुकडा अजून या गावात आहे. तुझ्यासाठीच राहिलाय तो. मूठ उघडलीस की मिळेल."

"म्हणजे क्रूस देऊन टाकू? तूसुद्धा त्यांच्यासारखीच!" फिलूने मूठ आणखी घट्ट आवळली. "जा तू!"

परी रुसली नाही. "मी थांबते," एवढंच म्हणाली आणि एका कळीत जाऊन बसली.

राखेचा बुधवार उजाडला. आई पुढे गेली होती. फिलू मागून पाय ओढत चर्चकडे निघाली, मुठीत क्रूस तसाच. चर्चच्या फाटकाबाहेर चिंचेखाली बस्त्याव आजोबा बसले होते. पुरानंतर ते एकदाही आत गेले नव्हते. फिलूने त्यांच्याकडे बघणंही टाकलं होतं. ते समोर आले, की ती रस्ता बदलायची.

एवढ्यात मोनीबायचा नातू आजोबांपाशी थांबला. त्यांच्या पायाजवळ थुंकला आणि म्हणाला, "तू फिलूच्या बाबाला खाल्लंस!"

मोनीबाय त्याच्या शेजारी उभी होती. तिने त्याला आवरलंही नाही. आजोबांनी नुसती मान खाली घातली, जणू हे रोजचंच होतं.

आणि फिलूच्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! तिने त्या कार्ट्याचा कान धरून पिळला. "माझ्या बाबाचं नाव घेऊन थुंकतोस? बाबाने त्यांना वाचवलंय! माझ्या बाबाने! पुन्हा थुंकलास तर याद राख!"

कार्टं भोकाड पसरून आजीच्या पदराआड शिरलं. फिलू मात्र जागच्या जागी उभी राहिली. आपणही इतके दिवस आजोबांवर थुंकतच होतो, फक्त तोंडाने नाही, हे तिला कळलं, आणि लाज वाटून तिचे कान लाल झाले.

ती तरातरा आत गेली, थेट वेदीपाशी. "फादर, हा घ्या, जाळा. मोनीबाय म्हणते म्हणून देत नाहीये मी. पहिली राख बस्त्याव आजोबांची."

"नक्की देतेस, बाळ?" फादरनी विचारलं.

फिलूने मूठ उघडली. बोटं इतकी आखडली होती, की एकेक सोडवावी लागली. मातीच्या वाडग्यात क्रूस भुर्रकन पेटला आणि बघता बघता काळा झाला. फिलूला ते सोसवेना. भरल्या चर्चमध्ये ती हुंदके देत ओरडली, "देवा, मी अजून रागावलेय! पण मी कुठे जात नाहीये, कळलं?" मोनीबाय दाताखाली जीभ चावून बसली. फादरनी फिलूच्या डोक्यावर हात ठेवला, राखेवर आशीर्वाद म्हटला आणि कोमट वाडगा तिच्या हातात दिला. "जा. त्यांना तूच लाव."

फिलू चिंचेखाली आली. आजोबा धडपडत उठायला लागले.

"बसा," ती म्हणाली. "तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. पण इकडे कपाळ करा."

तिने अंगठ्याने राख लावली, जरा जोरातच. आजोबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"पोरी, तुझा बाबा शेवटी काय म्हणाला ते तुला सांगायचं होतं गं. कितीदा आलो तुझ्या वाटेवर. तू तोंड फिरवायचीस, मग मला धीरच व्हायचा नाही."

फिलूने वाडगा खाली ठेवला. "काय म्हणाला?"

"शिव्या देत होता मला! गळ्याएवढ्या पाण्यातून ओढत नेत होता आणि तोंडाचा पट्टा चालू. 'गाढवा म्हाताऱ्या, बकरीसाठी मरतोस? घरी माझी फिलू वाट बघतेय, तिला तुझी ही अक्कल सांगतो, हसून हसून लोळेल ती!' असा चिडला होता, असा चिडला होता! पण मला झाडावर चढवेपर्यंत हात सोडला नाही गं त्याने. एकदाही नाही."

फिलूला बाबाचा आवाज कानांत ऐकू आला, जसाच्या तसा, चिडलेला आणि हसरा. ती रडली, मग खुदकन हसली, मग रडत रडत हसायला लागली. तिच्या रिकाम्या तळहातावर मोत्याचे पंख क्षणभर फडफडले. परीने तिच्या राखाडलेल्या अंगठ्याचा पापा घेतला, आणि चिंचेच्या पानापानांतून गुलाबी, निळा, सोनेरी उजेड झिरपला. त्या उजेडात परी विरघळून गेली.

फिलूने आजोबांचा हात धरला आणि त्यांना फाटकातून आत ओढलं.

"चला, आईला सांगा. पहिल्यापासून सांगा. आणि शिव्या गाळायच्या नाहीत."