पाटीवर अडलेला शब्द

देवसळ संस्थानात क्रम्प्टनसाहेब इंग्रज सरकारचे पोलिटिकल एजंट म्हणून आले आणि तिसऱ्याच महिन्यात त्यांचा माळी खिडकीखाली कान लावून बसलेला सापडला. माळी दरबारानं पेरलेला माणूस निघाला. साहेबांनी त्याला दोन वर्षं तुरुंगात धाडायचं ठरवलं आणि हुकूम मराठीत लिहायला दरबारचे दुभाषी विसाजीपंत रिसबूड यांना बोलावून घेतलं.

‘‘लिहा, हा माणूस स्पाय आहे,’’ साहेब म्हणाले.

पंतांनी टाक उचलला नाही. ‘‘स्पाय म्हणणं जरा जास्त होतंय, साहेब. तो आमच्या महाराजांचा एजंट आहे.’’

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. ‘‘शब्दांचा खेळ नको. परक्याच्या जागेत राहायचं, तिथलं सगळं ऐकायचं आणि आपल्या धन्याला कळवायचं, हेच त्याचं काम. त्याला स्पाय म्हणा नाहीतर एजंट म्हणा, तुमच्या मराठीत दोन्हींना शब्द एकच. हेर.’’

‘‘साहेबांचं मराठी चांगलंच तयार झालंय,’’ म्हणत पंतांनी ठसठशीत अक्षरात ‘हेर’ लिहिलं. मग जायला उठले आणि दारात थांबले.

‘‘फाटकावरची आपली पाटी मराठीत करायची होती ना, तो रंगारी मघापासून खोळंबलाय. पोलिटिकलला ‘राजकीय’ घातलं, पण पुढच्या शब्दाशी आमचं अडलं होतं. आता त्याला सांगतो.’’

साहेबांनी हुकमाचा कागद परत मागितला आणि टराटरा फाडला.

त्या संध्याकाळी माळी महाराजांच्या बागेत झाडांना पाणी घालत होता. साहेबांची पाटी मात्र शेवटपर्यंत इंग्रजीतच राहिली.