रेबुलाचं कलम

माणसांना वेलींची बोली कळायची त्या काळातली गोष्ट. स्लोव्हेनियातल्या एका टेकडीवर रेबुला नावाची जुनी द्राक्षवेल होती. तिच्या वाइनशिवाय गावात एकही लग्न लागत नसे. पण फ्रान्सहून शार्दोने वेल तिच्या शेजारी आली आणि पाहुणे तिच्याच भोवती जमू लागले. रेबुलाला स्वतःच्या नावाचीच लाज वाटू लागली.

"मातिया, मलाही शार्दोने कर," तिने मालकामागे टुमणं लावलं.

"दुखेल हं, बाई."

"दुखू दे. मान तर मिळेल!"

मातियाने तिला बुंध्याशी कापलं आणि वर शार्दोनेचं कलम बांधलं. तिसऱ्या वर्षी घड लगडले. पाहुणे वाइन चाखून म्हणाले, "वा! अस्सल फ्रेंच!"

"अहो, मुळं माझी आहेत! पाणी मी ओढते!" रेबुला खालून ओरडली. पेल्यांच्या किणकिणाटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मग पुढच्या वसंतात तिने सगळा जीव एकवटून कलमाखालून आपला एक कोवळा फुटवा वर काढला.

मातियाने तो पाहिला आणि कात्रीने छाटून टाकला. "हे रानटी फुटवे वेळीच काढावे लागतात," तो सोबतच्या पाहुण्यांना म्हणाला, "नाहीतर चांगल्या वेलीचं नुकसान होतं."