फ्लोटला पाडलेले दुसरे छिद्र

एकदा एक जुना मालट्रक घाटाच्या पायथ्याशी असलेल्या गॅरेजच्या दारात येऊन थांबला. गॅरेजचे वृद्ध वस्ताद आणि त्यांचा शिष्य नुकतेच जेवून उठले होते. केबिनमधून केरबा नावाचा ड्रायव्हर उतरला. त्याची दाढी वाढलेली होती.

"वस्ताद, डिझेलचा काटा बघा. टाकी भरली तरी खालीच पडून ऱ्हातो."

"कधीपासून?" शिष्याने विचारले.

"लई वर्षं झाली. पर गरजच न्हवती. माझा ल्योक दिगूच किलीनर हुता गाडीवर. कळकाची काठी टाकीत बुडवायचा अन् किती डिझेल हाय त्ये वरडायचा. पावसाळ्यात काविळीनं गेला." केरबाने टाकीकडे पाहिले. "आता काठी बुडवाया कोन न्हाई."

शिष्य मनाने चांगला होता. तो लगेच म्हणाला, "झालं गेलं विसरा, आप्पा. मन घट्ट करा."

दुखवट्याला गेल्यावर आपणही हेच म्हणतो आणि चहाचा कप खाली ठेवून उठतो. ज्याचे गेले आहे त्याने लवकर सावरावे, याची आपल्यालाच फार निकड असते.

"केलंया की घट्ट," केरबा म्हणाला. "डोळ्यातनं टिपूस न्हाई आलं."

"घरी कोण असतं?" वस्तादांनी विचारले.

"कारभारीण हाय. पर घरात आता काय उरलंय? मी जातच न्हाई. भाडं मिळंल तिकडं गाडी हाकतो."

शिष्याने टाकीवरचे झाकण उघडून दांडीला लावलेला पितळी फ्लोट बाहेर काढला. हा पोकळ डबा डिझेलवर तरंगतो आणि त्याच्या उंचीप्रमाणे काटा हलतो. शिष्याने तो कानाशी हलवला, तर आत डुचमळ ऐकू आली. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून डिझेल आत शिरले होते. टाकीत डिझेल असूनही फ्लोट तळाशी बुडून होता, म्हणून काटा रिकामी टाकी दाखवीत होता.

शिष्याने छिद्र बुजवण्यासाठी कथिलाचा डाख तयार केला. तोच वस्तादांनी फ्लोट हातात घेतला आणि दुसऱ्या बाजूने त्याला आणखी एक छिद्र पाडले.

"वस्ताद! होतं तेच बुजवायचं, तर तुम्ही नवीन पाडलंत?"

वस्तादांनी फ्लोट उन्हात तारेला टांगला आणि ते केरबाजवळ जाऊन बसले. "केरबा, काठी बुडवली की दिगू काय ओरडायचा?"

शिष्याला त्यांचा रागच आला. जखमेवरची खपली का काढायची?

केरबाने जमिनीकडे पाहिले. मग अगदी हळू म्हणाला, "आप्पा, निम्मी हाय." पुन्हा म्हणू लागला, तेव्हा आवाज फुटला. दोन्ही हातांत तोंड लपवून तो ढसाढसा रडला. वस्ताद त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसते बसून राहिले. तारेवरच्या फ्लोटमधून डिझेल थेंब थेंब निथळत होते.

केरबा तोंड धुवायला गेला, तेव्हा वस्ताद शिष्याला म्हणाले, "बारीक छिद्रातून आत गेलेलं तेल एकाच वाटेने बाहेर येत नाही, बाळा. हवा आत जायला दुसरी वाट द्यावी लागते. तू तसाच डाख लावला असतास, तर फ्लोट वरून धड दिसला असता आणि टाकीत पुन्हा बुडाला असता. शोकाचंही तसंच आहे. आधी निथळू द्यावं, मग बुजवावं. आणि काही उरलं नाही असं म्हणणाऱ्याची टाकी रिकामीच असते असं नाही."

शिष्याने मान खाली घातली.

फ्लोट वाळल्यावर त्याने दोन्ही छिद्रे बुजवली आणि दांडी जागेवर बसवली. चावी फिरवताच काटा थरथरत निम्म्यावर येऊन थांबला. केरबा काट्याकडे एकटक पाहत होता.

सीटमागची कळकाची काठी दिसली, तेव्हा शिष्याने या वेळी काहीच सुचवले नाही. फक्त विचारले, "आप्पा, ही?"

"ऱ्हाऊ दे तिथंच." केरबाने गाडी चालू केली आणि खिडकीतून वस्तादांना म्हणाला, "गावाकडं जातो. कारभारीण बी रडली न्हाई अजून."